म्हातारा घोडा जातो तेव्हा: पहिल्यांदाच हे पाहणाऱ्या नागपूरकरांसाठी

घोडा गेला की पहिला फोन नातेवाइकांना जात नाही, जेसीबीवाल्याला जातो. ऐकायला निर्दयी वाटतं, पण ज्यांच्या पागेत हे होऊन गेलं आहे ते मान डोलावतील. कुत्रं-मांजर गेलं तर घरातली दोन माणसं चादरीत उचलून नेतात. इथे साडेतीनशे-चारशे किलोचं शरीर असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर असतो. सकाळी गेलेलं जनावर दुपारपर्यंत फुगायला लागतं. म्हणून दुःखाला सवड हवी असेल तर कामाचा भाग आधी उरकून ठेवावा लागतो, आणि तोही घोडा चांगली चंदी (रोजचा दाणा) खात असताना.

हा लेख नवख्यांसाठी आहे. कुणी चार वर्षांपूर्वी हौसेनं थकलेला रेसचा घोडा सांभाळायला आणला. कुणाच्या मुलीनं ज्याच्यावर रायडिंग शिकलं तो आता नुसता उभा असतो. कुणाच्या घरी आजोबांपासून वरातीची घोडी आहे, पण शेवटचं सगळं नेहमी वडिलांनीच निस्तरलं आणि आता वडील नाहीत. तिघांचीही अडचण एकच: काय करायचं असतं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

विशी लागली की एक कागद करा

वीस वर्षं ओलांडलेला घोडा म्हातारा धरावा. नीट ठेवला तर पंचवीस-तीसपर्यंत जगतो. पण विशीनंतर पागेच्या दाराला आतून एक कागद लावून ठेवा आणि त्यावर फोन नंबर ठळक अक्षरात लिहा. पहिला नंबर घोड्याला हात लावणाऱ्या डॉक्टरचा. हे मुद्दाम सांगतो, कारण शहरात कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली झाले आहेत, घोडा बघणारे मोजके. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरचाही नंबर हवा, पहिला गावाला गेला असेल तर रात्री दोनला शोधाशोध नको. सेमिनरी हिल्सवरचं व्हेटर्नरी कॉलेज १९५८ पासूनचं आहे, आता ते माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, अखत्यारीत येतं. तिथल्या चिकित्सालयात दिवसा एकदा जाऊन घोड्याचं नाव-वय नोंदवून या, रात्रीची काय सोय असते ते विचारून या. सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर १९६२ आहे, तोही लिहा.

पुढे जेसीबीवाला, जागेचा मालक (जागा तुमची नसेल तर), महापालिकेचं झोन ऑफिस किंवा हद्दीबाहेर असाल तर ग्रामपंचायत, आणि विमा असेल तर विमा कंपनी. विम्याच्या बाबतीत एकच पक्कं लक्षात ठेवा: कंपनीला कळवल्याशिवाय आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय माती लोटायची नाही. शवविच्छेदन लागतं का, फोटो कसे लागतात, हे पॉलिसी घेतानाच विचारून त्याच कागदावर टिपून ठेवा.

आठवण म्हणून शेपटीचे केस हवे असतील तर तेही जिवंतपणीच घ्या. खरारा करताना शेपटीच्या आतल्या बाजूची पेन्सिलएवढी बट वरून दोऱ्यानं घट्ट बांधा, मग दोऱ्याच्या वर कात्री लावा. बांधण्याआधी कापली तर केस हातातून निसटतात आणि मग त्यांची लांबी काही जुळत नाही. शाम्पूनं धुवा, सावलीत वाळवा, कागदाच्या पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात दमटपणा धरतो. गेल्यावर हे करायचं म्हटलं तर त्या गडबडीत कुणाला सुचत नाही, आणि सुचलं तरी हात थरथरतात.

वेळ झाली, हे कसं कळतं

बहुतेकांना वाटतं, घोडा एके दिवशी आपोआप झोपेत जाईल. क्वचित जातो. बहुतेक वेळा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, म्हणून या भागावर जरा जास्त बोलतो.

आधी दात बघा. घोड्याचे दात आयुष्यभर थोडे थोडे वर येत राहतात आणि झिजत राहतात. म्हातारपणी येणंच संपतं. मग तो चारा चघळून त्याचा ओला गोळा गव्हाणीत टाकतो, गिळत नाही. एवढ्यावरून हताश होऊ नका. भिजवलेला कोंडा, मऊ केलेली पेंड यावर असे घोडे पुढे वर्षानुवर्षं काढतात. डॉक्टरकडून दात कानशीनं घासून घेतले तरी फरक पडतो.

मग झोप. घोडा उभ्यानं डुलकी काढतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. सांधे दुखणारा म्हातारा घोडा खाली बसायला घाबरतो, कारण उठता येईल याची त्याला खात्री नसते. मग तो रात्र रात्र उभा राहतो आणि उभ्यानंच झोपेत कोसळता कोसळता सावरतो. पुढच्या पायांचे सांधे समोरच्या बाजूनं खरचटलेले दिसले, केस उडून कातडी उघडी पडलेली दिसली, आणि कुठे धडकल्याचं कुणाला आठवत नसेल, तर हेच चालू आहे असं समजा. ही खूण मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. दुखणं लपवायची घोड्याला जन्मजात सवय असते, पण गुडघे खोटं बोलत नाहीत.

तिसरं म्हणजे खूर आणि केस. ऐन उन्हाळ्यात अंगावर लांब कुरळे केस, ते झडत नाहीत, पाठ खपाटीला गेलेली, पाणी भरपूर पितो आणि पाय पुन्हा पुन्हा दुखतात, अशी लक्षणं एकत्र आली तर डॉक्टरला कुशिंगबद्दल (म्हाताऱ्या घोड्यांना होणारा हार्मोनचा आजार) विचारा. औषधानं हा आजार काही काळ आटोक्यात राहतो. मात्र त्याच्यामुळे खुराच्या आतला सांगाडा सुटायला लागला की चालणंच शिक्षा होते.

पोटशूळ ही वेगळी गोष्ट. तिथे विचार करायला महिने मिळत नाहीत, तास मिळतात. घोडा पोटाकडे वळून बघतो, पाय आपटतो, लोळतो, घामाघूम होतो. निरोगी घोड्याची नाडी विसाव्यात मिनिटाला २८ ते ४४ असते. ती साठच्या वर जाऊन तिथेच राहिली आणि हिरड्या गुलाबी न राहता विटकरी किंवा राखाडी झाल्या तर डॉक्टरला सांगताना हेच आकडे आणि हाच रंग सांगा, 'लई त्रासात आहे' एवढं पुरत नाही. म्हाताऱ्या घोड्यांत चरबीची देठ असलेली एक गाठ आतड्याला वेढा घालून आवळते. त्यावर ऑपरेशनशिवाय उपाय नाही, आणि त्या वयात, त्या अवस्थेत ते जमणं बहुतेकांच्या हातचं नसतं. अशा रात्री डॉक्टर दयामरण सुचवतील. ते हरलेले नसतात.

बाकी सगळ्या संथ दुखण्यांसाठी एक साधी पद्धत आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज संध्याकाळी एक खूण करा. खाल्लं, उठला-बसला, दाराशी आला, तर टिक. नाही तर फुली. आपण रोज बघतो म्हणून हळूहळू होणारी घसरण आपल्याला दिसत नाही, कागदावर ती दिसते. फुल्या जास्त व्हायला लागल्या की डॉक्टरला बोलवा आणि सरळ विचारा, "हा तुमचा असता तर काय केलं असतं?" चांगला डॉक्टर या प्रश्नाला उत्तर देतो. आणि मोतद्दाराला (घोड्याची देखभाल करणाऱ्याला) विचारायला विसरू नका. रात्री तो तिथे असतो, तुम्ही नसता. आमच्याकडच्या एका जुन्या मोतद्दाराचं उत्तर असं होतं: "तो तं सांगूनच राहिला न भाऊ, तुमीच आयकून नाही राहिले."

नागपुरात हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. काही घोड्यांना कडक उन्हाळ्यात घाम येणंच बंद होतं, मग अंग तापत राहतं. नवतपा सुरू झाल्यावर असा घोडा दुपारी नुसता धापा टाकतो. आणि मृगानंतर काळ्या मातीचा चिखल झाला की बसलेला घोडा पाय घसरून उठूच शकत नाही. फार वेळ एकाच अंगावर पडून राहिला की स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू चेचले जातात. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला डॉक्टरसोबत एकदा बसा आणि ठरवा: हा उन्हाळा, हा पावसाळा याला झेपेल का? चार दिवस आधी, सकाळच्या गार वेळी, आपल्या माणसांमध्ये गेलेला घोडा मध्यरात्री चिखलात तडफडून गेलेल्या घोड्यापेक्षा नशीबवान, असं माझं स्पष्ट मत आहे. यावर घराघरांत वाद होतात. होऊ द्या, पण एप्रिलमध्ये होऊ द्या.

एक पर्याय मात्र पर्याय नाही: म्हातारा झाला म्हणून रस्त्यावर किंवा रानात सोडून देणं. उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत जनावर सोडणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे.

तो दिवस

सकाळी लवकर ठरवा. ऊन चढायच्या आत सगळं आटपायला हवं, आणि जेसीबीवाल्यालाही सकाळ सोयीची असते. जागा अशी निवडा की घोडा तिथे स्वतःच्या पायांनी चालत जाईल आणि मशीन तिथपर्यंत पोचेल. पागेच्या आत, दारात किंवा भिंतीजवळ मुळीच नको. खड्डा आदल्या दिवशी खणलेला असेल तर त्याच्या काठापासून पुरेसं अंतर ठेवा आणि रात्रभर त्याला आडोसा करा.

आदल्या संध्याकाळी नालबंदाला बोलवून नाल काढून घ्या. नंतर पाय ताठ होतात, मग नाल काढणं म्हणजे कसरत. सकाळी त्याला आवडतं ते खाऊ घाला. गूळ, गाजर, ज्याची त्याची सवय. डॉक्टरनं अडवलं नाही तर पथ्यपाणी आज बाजूला.

डॉक्टर काय करणार ते आधी समजून घ्या, म्हणजे दचकायला होत नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. घोड्याचं डोकं खाली येतं, ओठ सैल पडतात. मग मानेच्या शिरेतून औषधाची मोठी मात्रा जाते. काही क्षणांत घोडा खाली येतो, कधी हळू, कधी धाडकन. दोर डॉक्टरांच्या माणसाच्या किंवा जाणत्या मोतद्दाराच्या हातात असू द्या. तुम्ही कितीही धीराचे असलात तरी तुम्ही धरायचा नाही. चारशे किलो कोणत्या बाजूला पडेल हे कुणी सांगू शकत नाही. पडल्यावर पायांच्या बाजूला जायचं नाही, पाठीकडून जायचं. नंतर एक-दोन खोल श्वास घेतल्यासारखे होऊ शकतात, अंगावरचे स्नायू थरथरू शकतात, आणि डोळे उघडेच राहतात. तो शुद्धीत नसतो. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श करून बघतात, आणि ते झालं असं सांगेपर्यंत थांबा.

बघायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. शेवटी हजर नव्हता म्हणून प्रेम कमी होत नाही. मात्र जे थांबणार त्यांनी मोबाईल खिशात ठेवावा. व्हिडीओ काढणारा कुणी ना कुणी निघतोच, त्याला आधीच सांगून ठेवा.

त्याच दिवशी डॉक्टरकडून एका कागदावर लिहून घ्या: काय आजार, नाडी किती, हिरड्यांचा रंग कसा, काय काय उपचार करून झाले, दयामरण का सुचवलं. हा कागद विम्यासाठीच नाही. महिन्या-दोन महिन्यांनी, एखाद्या रात्री, 'आपण घाई केली' किंवा 'आपण उशीर केला' असं मन म्हणायला लागतं, आणि बहुतेकांचं म्हणतंच. तेव्हा हा कागद काढून वाचायचा.

घोडा आपोआप, अचानक गेला असेल आणि नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट रक्त येत असेल तर त्याला हात लावू नका, कापाकापी करू नका, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका. काळपुळीची शंका येते आणि ती माणसालाही होते. डॉक्टर येईपर्यंत थांबा.

ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाचा विषय तर आणखी अवघड. नाकातून चिकट स्राव, कातडीखाली गाठी, फुटणाऱ्या जखमा दिसल्या की रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातात, आणि तिथून पक्का अहवाल आला की घोडा मारावाच लागतो. तो वरून धडधाकट दिसत असला तरी. इथे निर्णय तुमचा नसतो, त्यामुळे राग खूप येतो, आणि तो राग कागदपत्रं आणणाऱ्या सरकारी डॉक्टरवर निघतो. त्या माणसाच्या हातात काही नसतं. नुकसानभरपाईचे कागद मात्र त्याच्याकडूनच नीट समजून घ्या.

माती देणं

शहराच्या हद्दीत मोकळ्या प्लॉटवर परस्पर खड्डा खणू नका. महापालिकेच्या दहा झोनपैकी तुमच्या झोनच्या ऑफिसला विचारा. मेलेलं जनावर उचलायची व्यवस्था तिथूनच होते, आणि ज्यांच्याकडे शेत नाही त्यांच्यासाठी तोच मार्ग. गाडी येईपर्यंत शरीरावर ओली गोणपाटं टाका, वर ताडपत्री, आणि एक माणूस राखणीला.

स्वतःचं शेत असेल तर खड्डा साधारण १० फूट लांब, ७ फूट रुंद आणि ८ ते ९ फूट खोल लागतो, म्हणजे शरीरावर चार फूट तरी माती येते. विहीर, बोअर, नाला यांपासून शंभर मीटरच्या आत नको. काटोल रोड, हिंगणा या बाजूंना वर काळी माती, खाली मुरूम आणि मग एकदम काळा दगड लागतो. पाच फुटांवर बकेट खणखणली की जेसीबीवाला हात वर करतो. म्हणून ठरवलेल्या जागेवर आधीच एकदा चाचणीचा खड्डा मारून बघा. ही गोष्ट दोनच तासांची, पण त्या सकाळी ती सगळ्यात मोठी होऊन बसते.

माती भरताना वर दोन फुटांचा उंचवटा ठेवा. पहिल्या पावसात ती खाली बसते, आणि काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या वरून बुजवत राहाव्या लागतात. झाड लावायचं तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर, कडुनिंब किंवा पळस. कण्हेर लावू नका. फुलं छान दिसतात म्हणून बरेच जण तीच लावतात, पण कण्हेरीची पानं घोड्याला विषारी असतात, आणि उद्या त्याच कुरणात दुसरं जनावर चरणार असतं.

इंजेक्शननं गेलेल्या घोड्याचं शरीर उघड्यावर टाकणं अजिबात चालत नाही. ते औषध मांसात टिकतं आणि खाणारी कुत्री, गिधाडं त्यानं मरतात. वेदनाशामकांचंही तसंच. डायक्लोफिनॅकमुळे देशातली गिधाडं जवळपास संपली, म्हणूनच २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. आपल्या पेंचमध्ये जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून गिधाडं आणली आहेत. रामटेक-पारशिवनी भागात जमीन असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

विधी ज्याच्या त्याच्या रीतीनं. कुणी हळदकुंकू, नारळ, गुलाल करतात, कुणी चादर टाकतात, कुणी तेरवीला गाई-कुत्र्यांना घास घालतात, कुणी काहीच करत नाहीत. पुजारी मिळेल का म्हणून अडून बसू नका. फक्त प्लॅस्टिक आणि नायलॉनचे हार खड्ड्यात टाकू नका.

मागे राहिलेला सोबती

पागेत दुसरा घोडा असेल तर त्याला शरीर बघू द्या, हुंगू द्या. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. ज्याला दाखवलं नाही तो दिवसचे दिवस खिंकाळत दाराशी उभा राहतो, असा अनुभव जुने पागेवाले सांगतात. दाखवल्यावरही तो काही दिवस चारा कमी खाईल, कुंपणाच्या कडेनं येरझारा घालेल. लिदीकडे लक्ष ठेवा, कारण खाणं-पिणं कमी झालं की पोटशूळ होतो. दोन दिवसांत लीद कमी झाली किंवा पाणी पिणंच सोडलं तर डॉक्टरला फोन करा. चंदीची वेळ मिनिटभरही बदलू नका. एकटा पडला असेल तर शेळी बांधून बघा, पुष्कळ घोडे शेळीशी रमतात.

पहाटेची चंदी

आता माणसांचं. घोड्याचं दुःख घड्याळात लपलेलं असतं. पहाटे साडेचारला जाग येते, हात टॉर्च शोधतो, आणि मग आठवतं. दुपारी बाजारात कोथिंबीर घेताना गाजरांकडे नजर जाते. ते आठवड्याभरात थांबत नाही. मी सांगतो ते एवढंच: त्या वेळा एकदम मोकळ्या सोडू नका. साडेचारला उठायची सवय असेल तर उठा. दुसऱ्यांच्या तबेल्यात मदतीला जा, फुटाळ्याला चक्कर मारा, नाहीतर नुसता चहा करून ओट्यावर बसा. पडून राहिलात तर ती वेळ तुम्हाला खाते.

पागा लगेच धुऊन टाकू नका. (संसर्गानं गेला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर सांगतील तसं निर्जंतुकीकरण त्याच दिवशी.) घरातला एखादा उत्साही मेहुणा पहिल्याच दिवशी सगळं साफ करून फिनाइल मारतो, त्याला वाटतं आपण मदत करतोय. पंधरवडा तरी थांबा. मग एकेक वस्तू काढा. चंदीची उरलेली पोती आधी द्या, पावसाळ्यात त्यांना सोंडे लागतात. औषधं कुणाला देऊ नका, डॉक्टरकडे परत द्या. तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) नीट झटकून, उन्हात वाळवून ठेवा, त्याच्या कापडात भरड्याचा आणि लाळेचा वास कितीतरी दिवस असतो. कुणाला तो नकोसा होतो, कुणी तोच उशाशी घेऊन बसतं. दोन्ही चालतं. खोगीर वर्षभर विकू नका, पण तेल मात्र लावत राहा. पावसाळ्यात कातड्यावर बुरशी धरते, आणि बुरशीनं खाल्लेलं खोगीर पाहणं नंतर जास्त लागतं.

पहिला दसरा जड जातो हे आधीच धरून चाला. ज्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, ज्याला झेंडूची माळ घालायची, तो जागेवर नसतो. त्या दिवशी नालेची पूजा करा किंवा सरळ गावाला जा.

मुलांना "झोपला" असं सांगू नका. लहान मूल मग स्वतः झोपायला घाबरतं. "तो मेला, त्याला आता दुखत नाही, तो परत येणार नाही," इतकं साधं बोला. इंजेक्शन दिलं हेही सांगा, नाहीतर शाळेतलं कुणीतरी वेगळ्या शब्दांत सांगतं. आणि ताप आल्यावर लागतं ते इंजेक्शन वेगळं, हे पुन्हा पुन्हा सांगा.

घोडीवाल्यांच्या घरी

इथे दुःखाच्या सोबत रोजीही जाते, आणि सीझनमध्ये त्याच संध्याकाळची वरात ठरलेली असते. पहिलं काम म्हणजे बँडवाल्याला खरं कळवणं आणि मुलीकडच्या-मुलाकडच्या माणसाला वेळेत निरोप देणं. ओळखीच्या घोडीवाल्याकडे काम वळतं करा, इसार तिकडे द्या किंवा परत करा. नवरदेवाच्या घरच्यांना 'घोडी मेली' हे लग्नाच्या दिवशी ऐकवायचं नसतं, 'घोडी आजारी आहे, दुसरी पाठवतो' पुरतं. दुःखाच्या भरात फोन बंद करून बसलात तर पुढच्या वर्षीची कामंही जातात. घरातल्या दुसऱ्या माणसानं फोन घ्यावा. आणि त्या दिवशी दुसऱ्याच्या घोडीसोबत तुम्ही स्वतः वरातीत जाऊ नका. बँड वाजायला लागला की काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

लोक काय म्हणतील

"जनावरच होतं ना." "म्हातारं होतं, सुटलं बिचारं." "कितीचं होतं?" ही तीन वाक्यं ऐकावीच लागतात, बहुतेक जण वाईट हेतूनं बोलत नाहीत. उत्तर तयार ठेवा. "घरातलंच होतं" इतकं बोलून विषय बदलला की पुरे. ऑफिसात रजा हवी असेल तर खोटा आजार सांगू नका, "घरी घोडा होता, तो गेला, आज येत नाही" असं सरळ सांगा. साहेब हसला तर हसू द्या, पण बहुतेक वेळा तो स्वतःच्या लहानपणच्या बैलाची गोष्ट सांगायला लागतो.

घोडा काळा असेल तर शनीसाठी नाल मागायला माणसं येतील, कधी मातीही झालेली नसताना. अंगठी करून विकणारेही त्यांत असतात. मन होत नसेल तर "नाल सोबतच पुरली" म्हणा आणि दार लावा. एवढ्या खोट्याचं पाप लागत नाही.

तेरवी उलटली तरी झोप-जेवण जागेवर येत नसेल, दारू वाढली असेल, कशातच अर्थ वाटत नसेल, तर एकट्यानं रेटू नका. टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. समोरासमोर बोलायचं तर मेडिकलला किंवा मेयोला मानसोपचाराची ओपीडी आहे. "घोडा गेला म्हणून आलो" सांगायला लाजू नका. जीव द्यावासा वाटत असेल तर तेरवीची वाट न बघता आत्ताच फोन करा.

दुसरा घोडा

सांगणारे लगेच सांगतात, "सारंगखेड्याला चला, एक बघून टाकू." मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीच्या त्या यात्रेत किंवा नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत घोडे खूप येतात आणि मोह होतो. पहिल्या वर्षी नुसतं बघायला जायचं असेल तर जा, पैसे घरी ठेवून. त्याच रंगाचा, त्याच पांढऱ्या पायांचा घोडा दिसला तर दुप्पट सावध व्हा. तो दिसायला तोच असेल, पण लगाम तोंडात घेताना चावेल, आणि मग त्याच्यावर विनाकारण राग निघेल.

घ्यायचाच ठरला तर सौद्याआधी ग्लँडर्सची रक्त तपासणी करून घ्या, दात स्वतः उघडून बघा, आणि घरी आणल्यावर तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळा बांधा, वेगळ्या बादलीनं पाणी पाजा. जुन्याची मोहरकी (तोंडावर घालायचा कातडी पट्टा) त्याला घालायची असेल तर आधी कातडं वाकवून चिरा तपासा, बक्कल आणि शिवण बघा. जुनं कातडं तुटतं ते नेमकं रस्त्यावर, ट्रकचा हॉर्न वाजल्यावर.